मेहता, तैयब : चित्रांतील प्रतीके

मेहता, तैयब (२६ जुलै १९२५ – २ जुलै २००९). भारतीय चित्रकार. जन्म गुजरातमधील कपडवंज येथे, वास्तव्य मुख्यतः मुंबईत. चित्रपट-संकलनाचे काम सोडून ते सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले व १९५२ मध्ये तेथील पदविका घेतली. १९५९ ते १९६४ ते लंडनमध्ये होते. पद्मभूषण (२००७).

बैल, कोसळणारा माणूस, हातरिक्षा, काली आणि महिषासुर एवढ्या मोजक्याच प्रतिमा ते जन्मभर पुनःपुन्हा रंगवत राहिले. त्यांतील पहिल्या दोन थेट डोळ्यांदेखतच्या अनुभवातून आल्या. १९४७ च्या फाळणीच्या दंगलीत मुंबईतील महंमद अली रोडवर जमावाने एका माणसाला दगडांनी ठेचून मारताना त्यांनी घराच्या खिडकीतून पाहिले होते. कत्तलखान्यात पाय बांधून आडवा पाडलेला बैल १९५० च्या दशकातच त्यांच्या कॅनव्हासवर आला. एवढ्या ताकदीचे जनावर, आणि त्याला हलताही येत नाही, हा विरोध त्यांना आयुष्यभर पुरला. फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या ‘कूडल’ (१९७०) या लघुपटात वांद्र्याच्या कत्तलखान्यातील दृश्ये आहेत.

१९६८ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तेथे अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमनच्या चित्रांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. सुरीने थापलेले जाड रंग गेले, सपाट रंगक्षेत्रे आली. १९६९ पासून कॅनव्हास तिरका चिरत जाणारी रेघ आली. ही रेघ त्यांच्या प्रतीकांइतकीच बोलकी आहे. तिच्यामुळे शरीर दुभंगते, हात एकीकडे आणि धड दुसरीकडे पडते. मात्र रक्ताचा थेंबही दिसत नाही. हिंसेचे चित्रण करताना एवढा संयम पाळणारा दुसरा भारतीय चित्रकार सापडणे कठीण. हातरिक्षाच्या चित्रांतही ओढणारा माणूस आणि गाडीचे दांडे वेगळे काढता येत नाहीत. ओझे त्याच्या देहाचाच भाग होते.

१९८० च्या दशकाच्या मध्यास शांतिनिकेतनात निवासी चित्रकार म्हणून राहिल्यावर त्यांच्या चित्रांत पुराणकथेतील पात्रे येऊ लागली. त्यांतील महिषासुराचा वध करणाऱ्या देवीला केवळ विजयिनी म्हणून पाहणे अपुरे ठरते. ‘महिषासुर’ मालिकेत देवी आणि रेडा एकमेकांत असे गुंतलेले आहेत, की कोणता अवयव कोणाचा हे चटकन उमगत नाही. वध आणि आलिंगन यांत तैयब फरक करू देत नाहीत. जुन्या बांधलेल्या बैलाची तडफड या रेड्यातही आहे, आणि ती आता देवीच्या अंगातही भिनली आहे.