फूल वाळवण्याची घाई

खुडलेले फूल लगेच मरत नाही. देठापासून वेगळे झाल्यावरही त्याच्या पेशींचे व्यवहार काही काळ चालूच राहतात, पेशींतील रासायनिक क्रिया घडवून आणणारी विकरे नावाची प्रथिने रंगद्रव्यांची मोडतोड करू लागतात, आणि ओलावा जितका अधिक वेळ टिकेल तितक्या पाकळ्या काळवंडतात किंवा त्यांवर बुरशी धरते. त्यामुळे फुलातील पाणी किती लवकर काढून घेता येईल, हाच फुले दाबून वाळवण्याच्या कलेपुढचा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये काही मिनिटांत फूल वाळवण्याची घरगुती रीत हे त्या प्रश्नाचे अलीकडचे उत्तर होय. मात्र ज्या वनस्पतिशास्त्राने ही घाई शिकवली, त्यानेच या टप्प्यावर हात आखडता घेतला, आणि त्याची कारणे या कलेच्या जुन्या इतिहासातच दडलेली आहेत.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती ओळखायला शिकवणे कठीण होते, कारण ग्रंथांतील चित्रे नकलेवरून नक्कल होता होता ओळखीपलीकडे गेलेली असत आणि ताजी झाडे त्यांच्या त्यांच्या हंगामातच मिळत. बोलोन्या येथे आणि १५४४ पासून पिसा येथे शिकवणाऱ्या लुका गिनी या अध्यापकाने वनस्पती कागदांत दाबून, वाळवून, पानांवर चिकटवून ठेवण्याची पद्धत रूढ केली, असे सामान्यतः मानले जाते. अशा संग्रहाला, म्हणजे आज ज्याला हर्बेरियम म्हणतात त्याला, त्या काळी ‘हिवाळी बाग’ किंवा ‘सुकी बाग’ अशी नावे होती. गिनीचा स्वतःचा संग्रह टिकला नाही; परंतु त्याचा शिष्य आंद्रेआ चेझालपीनो याने १५६३ मध्ये सिद्ध केलेला ७६८ वनस्पतींचा संग्रह फ्लॉरेन्समध्ये आजही पाहता येतो. कागद पुरेसा स्वस्त आणि मुबलक झाल्याशिवाय ही कल्पना कुणाला सुचली असती तरी रुजली नसती, कारण या पद्धतीत पाणी शोषून घेण्याचे सारे काम कागदच करतो, आणि ओला झालेला कागद काढून त्या जागी कोरडा घालण्याचे काम दोन-तीन आठवडे करत राहावे लागते. पुढे अठराव्या शतकात कार्ल लिनीअसने नमुने वहीत बांधून न टाकता सुट्या कागदांवर लावून कपाटात ठेवण्याचा पुरस्कार केला, त्यामुळे वर्गीकरण बदलले की नमुन्याची जागाही बदलणे शक्य झाले. वाळवण्याच्या रीतीत मात्र त्याने फारसा फरक पडला नाही.

ही रीत किती नाजूक होती, हे कॅप्टन कुकच्या ‘एंडेव्हर’ जहाजावरील सफरीत (१७६८–१७७१) दिसून आले. जोसेफ बँक्स आणि लिनीअसचा शिष्य डॅनिएल सोलँडर यांनी वनस्पती दाबण्यासाठी जो कागद बरोबर घेतला होता, त्यात मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यावरील ॲडिसनच्या टीकालेखनाचे न बांधलेले छापील तावही होते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, पुढे बॉटनी बे म्हणून प्रसिद्ध झालेल्या उपसागरात, इतक्या वनस्पती गोळा झाल्या की जहाजावरच्या दमट हवेत त्या सडतील अशी भीती निर्माण झाली. तेव्हा ३ मे १७७० चा सबंध दिवस बँक्सने त्याच कामासाठी राखून ठेवला. सुमारे २०० दस्ते कागद किनाऱ्यावर नेऊन, एक शीड वाळूवर अंथरून त्यावर पसरला आणि दिवसभर तो उलटापालटा करत राहिला. त्या काळी एका दस्त्यात २४ ताव धरत, म्हणजे हा कागद पाच हजार तावांच्या आसपास भरतो. विज्ञानाच्या इतिहासात या सफरीतील शोधांची नोंद मोठ्या अक्षरांत होते, पण ते शोध लंडनपर्यंत पोहोचले ते या एका उन्हाच्या दिवसासारख्या कष्टांमुळे, हे क्वचितच ध्यानात घेतले जाते.

बँक्सला ऊन तरी लाभले होते. सह्याद्रीत काम करणाऱ्यांची अडचण अशी की येथील बहुसंख्य रानफुले ज्या महिन्यांत फुलतात त्याच महिन्यांत हवेत पाणी सर्वाधिक असते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात १९०६ मध्ये सुरू झालेला आणि पुढे एथेलबर्ट ब्लाटर या स्विस जेझुइट धर्मगुरूचे नाव लाभलेला वनस्पतिसंग्रह, किंवा ब्लाटरनंतरचे धर्मगुरू सांतापाव यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील १९५३ चा ग्रंथ, या कामांमागे अशाच दमट हवेत वाळवलेल्या कागदांच्या थप्प्या आहेत. लाकडी पट्ट्यांच्या जाळीदार फळ्या, त्यांमध्ये टीपकागद किंवा जुनी वर्तमानपत्रे, आणि बाहेरून करकचून आवळलेले पट्टे, एवढेच साहित्य. पण पावसाळ्यात कागद रोज, कधी दिवसातून दोनदा बदलावे लागतात आणि काढलेले कागद शेगडीच्या किंवा विजेच्या दिव्याच्या उबेत वाळवून घ्यावे लागतात. जेथे तेही शक्य नसे तेथे वर्तमानपत्रांत गुंडाळलेले नमुने मद्यार्काने भिजवून हवाबंद करून आणण्याची आणि मुक्कामी परतल्यावर वाळवण्याची, जर्मन संशोधक श्वाइनफुर्ट याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरली जाई. तीत बुरशी टळते, परंतु रंग जवळजवळ पूर्णपणे जातो.

तेरड्याच्या कुळातील फुले तर कोणत्याच पद्धतीला दाद देत नाहीत. त्यांच्या पाकळ्या इतक्या पातळ आणि पाणीदार असतात की दाबल्यावर त्या एकमेकींना चिकटून त्यांचा आकारच हरवतो. जोसेफ हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने आयुष्याची अखेरची वर्षे याच कुळाच्या अभ्यासाला वाहिली, आणि वाळलेली फुले पुन्हा भिजवून त्यांचे भाग सोडवण्यात त्याची दृष्टी आणि चिकाटी दोन्ही पणाला लागली. याच्या उलट तऱ्हा निवडुंगासारख्या मांसल वनस्पतींची: त्या फळ्यांमध्ये आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात, प्रसंगी वाढतातही, म्हणून त्यांना आधी उकळत्या पाण्यात बुडवून मारण्याचा प्रघात पडला.

घरगुती छंदाला या अडचणी एवढ्या जाचत नसत. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील सुशिक्षित घरांत मुलींना वनस्पतींची वही तयार करायला शिकवत. कवयित्री एमिली डिकिन्सनने मुलगी असताना केलेल्या अशा वहीत ४२४ वनस्पती आहेत. महाराष्ट्रात वहीत ठेवलेले पिंपळाचे जाळीदार पान किंवा बकुळीची फुले यांपलीकडे ही हौस फारशी संघटित झाली नाही, आणि हर्बेरियम हा शब्द मराठी विद्यार्थ्याला भेटला तो बहुधा बी. एस्सी.च्या प्रात्यक्षिकांतच.

मायक्रोवेव्ह ओव्हनचा फुलांशी मुळात काहीही संबंध नव्हता. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉन या नळ्या बनवणाऱ्या रेथिऑन या अमेरिकन कंपनीतील पर्सी स्पेन्सर याने १९४५ मध्ये या लहरींनी अन्न शिजवण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ चा पहिला ओव्हन माणसाच्या उंचीचा आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. ओट्यावर मावणारे आणि मध्यमवर्गाला परवडू शकणारे रूप १९६७ मध्ये बाजारात आले. या लहरींच्या विद्युतक्षेत्राची दिशा सेकंदाला अब्जावधी वेळा बदलते, तिच्यामागे पाण्याचे रेणू फिरू पाहतात आणि त्या हालचालीतून उष्णता निर्माण होते. बाहेरून शेकलेले फूल आधी पृष्ठभागावर सुकते व आतून ओले राहते. येथे जेथे पाणी आहे तेथेच उष्णता तयार होते, आणि म्हणूनच जो मांसल देठ कागदाला महिनाभर दाद देत नव्हता तो मिनिटांत कोरडा होतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी वनस्पतिशास्त्रज्ञांनी हा उपाय प्रथम निवडुंगवर्गीय वनस्पतींवर अजमावावा, हे त्यामुळे स्वाभाविकच होते.

निष्कर्ष रंगाच्या आणि वेळेच्या दृष्टीने उत्साहवर्धक होते, तरीही ही पद्धत संग्रहालयांत सर्रास रुजली नाही. नमुन्यासोबत आलेल्या बिया तापून निर्जीव होतात, आणि अतितप्त पेशींतील डीएनएचे तुकडे पडतात, हे लवकरच लक्षात आले. गिनीच्या काळी वाळलेले झाड आकार ओळखण्यापुरते उपयोगाचे होते. परंतु १९८० च्याच दशकात जुन्या नमुन्यांतून डीएनए मिळवता येतो हे सिद्ध झाले, आणि २०१३ मध्ये तर एकोणिसाव्या शतकातील वाळलेल्या बटाट्याच्या पानांवरून आयर्लंडच्या दुष्काळास कारण झालेल्या करपा रोगाच्या सूक्ष्मजीवाच्या नेमक्या वाणाची ओळख पटवण्यात आली. ती पाने साध्या कागदात वाळली होती, हे सुदैवच म्हटले पाहिजे. यामुळे संशोधनासाठीचे नमुने आजही मंद उष्णतेच्या कपाटात एक-दोन दिवस ठेवूनच वाळवणे पसंत केले जाते, आणि मायक्रोवेव्हचा वापर केलाच तर नमुन्याच्या चिठ्ठीवर तशी नोंद करावी, असा संकेत आहे.

घरात डीएनएची चिंता नसल्याने तेथे हे तंत्र टिकून आहे. चकाकी नसलेल्या दोन फरशा, त्यांच्यामध्ये शोषक कागदाचे थर आणि फूल, बाहेरून रबरबँड, आणि कमी शक्तीवर वीस-तीस सेकंदांचे हप्ते. दर हप्त्यानंतर फरशा उघडून वाफ जाऊ द्यावी लागते, नाहीतर फूल वाळण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. टाचणी किंवा स्टेपलची पिन आत राहिल्यास ठिणग्या उडतात. जाड गाभ्याच्या गुलाबाच्या पाकळ्या सुट्या करूनच वाळवाव्या लागतात, तर सोनकीसारखी बारीक पिवळी फुले सहज साधतात. पिवळा रंग कॅरोटिनॉइड द्रव्यांचा असल्याने बराच टिकतो. लाल-निळ्या छटा देणारी अँथोसायनिन द्रव्ये मात्र, फूल कितीही झटपट वाळवले तरी, खिडकीशेजारच्या चौकटीत प्रकाशाने फिकी पडत जातात.