चाळीस टक्क्यांची मोजपट्टी

धारवाडला २००८ साली कर्नाटक उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ बसू लागले आणि २०१३ साली ते कायम झाले. तत्पूर्वी हुबळी-धारवाडच्या पालकास रिट अर्जासाठी बंगळूरची वाट धरावी लागे. अपंग मुलाच्या बापाला ती वाट अधिकच लांबची. परंतु न्यायालय जवळ आले एवढ्याने भागत नाही; तेथे कोणता निवाडा पुढे ठेवावयाचा, हेही ठाऊक असावे लागते.

१९९५ च्या कायद्याने अपंग मुलास अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण देण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. २०१६ च्या कायद्याने तर वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव ठरविला. पण कचेऱ्यांनी त्यातून एक आकडा नेमका हेरला : चाळीस टक्के. आरक्षणासारख्या विशेष लाभांपुरती असलेली ही मोजपट्टी साध्या सोयींनाही लागू लागली.

लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवारास २०१८ च्या नागरी सेवा परीक्षेत अशाच कारणाने लेखनिक नाकारण्यात आला. सर्वोच्च न्यायालयात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी निकाल दिला, की लेखनिकाचा हक्क या टक्केवारीवर अवलंबून नाही. नियम करण्यास केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत मिळाली. नियम निघाले १० ऑगस्ट २०२२ रोजी! सरकारी पंचांग निराळेच असते.

दरम्यान डिसग्राफिया, म्हणजे लेखनदोष, असलेल्या एका मुलीस वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत हक्काचा जादा तास मिळाला नाही. उत्तरपत्रिका इतरांबरोबरच काढून घेण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयात तिला दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२१ रोजी मागील निवाड्याचा आधार घेऊन तिच्यावरील अन्याय मान्य केला. फेरपरीक्षेचा हुकूम मात्र केला नाही; बुडालेल्या तासाची भरपाई कशी करावी, याचा आठवड्याच्या आत विचार करण्यास परीक्षासंस्थेस बजावले. न्याय मिळाला, पण तो तास परत आला नाही.

पुढे तोच आकडा उलटा फिरला. महाराष्ट्रातील वाचादोष असलेल्या एका विद्यार्थ्याचे अपंगत्व चाळीस टक्क्यांहून अधिक, म्हणून वैद्यकीय शिक्षणास तो अपात्र ठरला. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालपत्रात न्यायालयाने स्पष्ट केले, की केवळ टक्केवारी पाहून दार लावता येणार नाही. तो अभ्यासक्रम त्यास झेपेल की नाही, हे वैद्यकीय मंडळाने तपासलेच पाहिजे.

राज्यघटनेच्या १४१ व्या कलमान्वये हे निवाडे धारवाडच्या खंडपीठासही बंधनकारक आहेत, आणि मुख्याध्यापकाच्या मेजावरील अर्जातही त्यांच्या तारखा लिहिता येतात. मात्र तो अर्ज परीक्षेच्या पुष्कळ आधी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.