व्हॉलीबॉल : आधी पास, मग स्मॅश

शाळेच्या मैदानावर व्हॉलीबॉलचा तास सुरू झाला, की बहुतेक ठिकाणी एकच दृश्य दिसते. जाळी बांधली जाते, नववी-दहावीतील चार-पाच दांडगी मुले मोक्याच्या जागा धरतात आणि सहावी-सातवीची मुले मागे उभी राहून कुंपणाकडे गेलेला चेंडू आणून देतात. तास संपतो तेव्हा त्यांच्या हाताला चेंडू लागलेला असतो, तो आणून देण्यापुरताच. मुलींच्या वाट्याला तर अनेकदा तेवढेही येत नाही. खेळाची गोडी लागण्याचे हेच वय आणि ती कायमची सुटण्याचेही हेच.

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याला हा खेळ नवा नाही. खेड्यात त्याला सर्रास 'हॉलीबॉल' म्हणतात. अठरा मीटर लांब व नऊ मीटर रुंद जागा, दोन खांब, एक जाळी आणि एक चेंडू एवढ्यावर डाव उभा राहतो. पायात बूट नसले तरी चालते. गावात संध्याकाळी मोठ्यांचा जो खेळ रंगतो, त्यात मुठीने हाणलेल्या फटक्याला मान असतो. मुले तेच पाहत वाढतात. त्यामुळे शाळेच्या मैदानात उतरलेल्या मुलाच्या मनात व्हॉलीबॉल म्हणजे जोराचा फटका, असे पक्के झालेले असते. शिक्षकाचे पहिले काम ही मूठ सोडविण्याचे आहे.

वास्तविक हा खेळ जन्माला आला तो सौम्य म्हणून. १८९५ मध्ये अमेरिकेतील होल्योक येथे वायएमसीएचे विल्यम मॉर्गन यांनी तो तयार केला, तो बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या प्रौढ मंडळींसाठी. जाळीमुळे अंगाला अंग लागत नाही. १९६४ मध्ये टोकिओत व्हॉलीबॉल प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा महिलांचे सुवर्णपदक जपानच्या संघाने जिंकले. त्या संघाची ख्याती होती ती जमिनीवर लोळण घेऊन चेंडू उचलण्याबद्दल. बचाव आधी आणि मारा नंतर, हा क्रम तेव्हापासून जगाने पाहिला आहे. आपल्या शाळांत मात्र तो उलटा चालतो.

प्रथम थोडा हिशेब करावा. पस्तीस मिनिटांचा तास, वर्गात चाळीस मुले आणि चेंडू एक. मिनिटाला सहा वेळा चेंडूला हात लागला असे धरले, तरी तासाभरात दोनशे दहा स्पर्श होतात. म्हणजे प्रत्येकी जेमतेम पाच. पाच स्पर्शांत कोणीही काही शिकत नाही. म्हणून लहान मुलांच्या तासाला चांगल्या चेंडूपेक्षा अधिक चेंडू महत्त्वाचे. नियमाचा चेंडू २६० ते २८० ग्रॅम वजनाचा असतो. तो कोवळ्या हातांवर आदळला की कातडी लाल होते आणि पुढच्या वेळी मूल हात मागे घेते. ही भीती एकदा बसली की काढणे अवघड. बाजारातील हलके रबरी किंवा प्लॅस्टिकचे चेंडू, नाहीतर जुन्या चेंडूतील हवा थोडी कमी करून, सुरुवातीचे दोन-तीन आठवडे खुशाल वापरावेत.

सर्वाधिक वेळ द्यावा तो खालून द्यायच्या पासला. पाय खांद्याइतके फाकवलेले, एक पाय किंचित पुढे, गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर. एका हाताच्या बोटांवर दुसऱ्या हाताची बोटे ठेवून दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी समांतर आणावेत आणि कोपरे ताठ करावीत. चेंडू मनगटाच्या वरच्या सपाट भागावर घ्यायचा. मुठीवर किंवा अंगठ्यांवर नव्हे. नवशिके मूल येथे हमखास एक चूक करते. ते हात वर झटकते आणि चेंडू डोक्यामागे जातो. हात जवळजवळ स्थिर ठेवून गुडघ्यांतून उठायचे, हे तोंडी सांगून कळत नाही. त्यासाठी मुलाला खाली बसल्यासारखे करून चेंडू हातांवर नुसता ठेवावा आणि उभे राहायला सांगावे. चेंडू आपोआप वर उडतो. मग जोडीदाराने तीन मीटरवरून दोन्ही हातांनी अलगद टाकलेला चेंडू, त्यानंतर डावीकडे-उजवीकडे टाकलेला. पाय आधी चेंडूपाशी पोचले पाहिजेत, हात नंतर. सलग दहा पास जमेपर्यंत जाळी बांधली नाही तरी बिघडत नाही.

वरून द्यायच्या पासासाठी कपाळासमोर दोन्ही पंजांची खिडकी करावी आणि तिच्यातून चेंडू पाहावा. आरंभी चेंडू पकडून सोडू द्यावा. नियमाने तो दोष असला तरी बोटांना आकार कळतो. पकडण्याचा वेळ हळूहळू कमी होत जातो. गावातला 'लिफ्टर' याच पासावर घडतो.

सर्व्हिस खालूनच शिकवावी आणि तीही जाळीपासून चार-पाच मीटरवरून. डाव्या हातावर चेंडू, डावा पाय पुढे, उजव्या तळहाताच्या टाचेने फटका, डावखुऱ्याचे उलट. चेंडू उंच उडवू नये. नऊ मीटरची रेषा गाठण्याची घाई नको. पोरांना मागून मारण्याचीच हौस असते, तिला मोडता घालावा लागतो.

यानंतर लहान आखलेल्या मैदानात, मुलाच्या वर केलेल्या बोटांच्या उंचीवर जाळी वा साधी दोरी बांधून, तीन-तीनचा डाव लावावा. तिघांत कोणाला लपता येत नाही. तिसऱ्या स्पर्शापूर्वी चेंडू पलीकडे गेला तर गुण नाही, एवढा एकच घरचा नियम ठेवला तरी मुले एकमेकांकडे पाहू लागतात. स्मॅश सर्वांत शेवटी. टेनिसचा चेंडू उडी घेऊन जाळीपलीकडे खाली फेकायला लावला, तरी हाताची दिशा कळते.

वेळापत्रक मात्र जिल्ह्याचे पाहून आखावे. चौदा वर्षांखालील शालेय स्पर्धा पावसाळ्याच्या सुमारास तालुक्यापासून सुरू होतात, तेव्हा काळ्या मातीची मैदाने चिखलाने अडलेली असतात. मुरमाचा एक पट्टा राखून ठेवलेला बरा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांत आणखी एक अडचण आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी कुटुंबे निघतात आणि वसतिगृहात वा नातेवाइकांकडे न राहिलेली मुलेही त्यांच्याबरोबर जातात. ती परततात तेव्हा साखर कारखान्यांचा हंगाम उरकत आलेला असतो आणि शाळेचा संघ कधीच ठरून गेलेला असतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत निदान खालचा पास त्यांच्या हातात बसवावा. त्याला जाळी लागत नाही, मैदान लागत नाही. कोपीसमोरची मोकळी जागा आणि चेंडू टाकणारे एक भावंड पुरते. शाळेच्या जुन्या, झिजलेल्या चेंडूंपैकी एखादा अशा मुलासोबत देण्यास शिक्षकांनी कचरू नये.