प्रेल्यूड (पियानोरचना)

मुळात मुख्य रचनेच्या आधी वाजवला जाणारा, पुढे स्वतंत्र झालेला लघुरचनाप्रकार. सुरुवातीच्या काळात वादक त्यातून वाद्य तपासत, बोटे मोकळी करत आणि श्रोत्यांच्या कानात स्वरपट्टी रुजवत. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये लुई कुपरँने हार्पसिकॉर्डसाठी लिहिलेल्या प्रेल्यूडांत लय नोंदलेलीच नाही. स्वर किती लांबवायचा हे वादकाने ठरवायचे. बाखने ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’च्या पहिल्या भागात (१७२२) चोवीसही मेजर-मायनर स्वरपट्ट्यांत प्रत्येकी एक प्रेल्यूड आणि एक फ्यूग दिला.

खरी कलाटणी शोपँची. त्याच्या ओपस २८ मधील २४ प्रेल्यूडांमागून (१८३९) फ्यूग येत नाही. प्रत्येक रचना स्वतःपुरती पूर्ण आहे. नववा प्रेल्यूड अवघ्या १२ बारचा, तरी त्याचा भारदस्तपणा मोठ्या रचनांना लाजवणारा. दुसऱ्याची ए मायनर ही स्वरपट्टी तर अगदी अखेरीस स्पष्ट होते. त्या काळासाठी हे धाडस विलक्षणच. हा संच त्याने १८३८-३९ च्या हिवाळ्यात मायोर्का बेटावर पुरा केला, तेव्हा बाखची स्वरलिपी त्याच्याजवळ होती.

चोवीसचा आकडा पुढे स्क्र्याबिन, रखमानिनॉव्ह व शोस्ताकोविच यांनीही गाठला. डेब्यूसीने आपल्या दोन संचांत (१९१०, १९१३) शीर्षके प्रत्येक रचनेच्या शेवटी, कंसात छापली.