सांता मोनिकेचा मठ

जुन्या वास्तूचा मोठा शत्रु ऊन-पाऊस नव्हे, रिकामेपण होय. जुन्या गोव्यांतील मोंते सांतो टेकडीवर याचीं दोन उदाहरणें शेजारीं शेजारीं उभीं आहेत. एक ऑगस्टिनी साधूंच्या चर्चचा ढांसळलेला मनोरा, व दुसरा सांता मोनिकेचा मठ.

आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनीं इ.स. १६०६ मध्यें जोगिणींसाठीं या मठाची स्थापना केली. १६२७ मध्यें बांधकाम पुरें झालें, १६३६ मध्यें तें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें, आणि लगेच पुन्हां उभारलें गेलें. पुढें १८३४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले. साधु गेले आणि शेजारचें चर्च ओस पडलें. १८४२ मध्यें त्याची कमान कोसळली, तर १९३१ मध्यें दर्शनी भिंत व मनोऱ्याचा निम्मा भाग खालीं आला.

जोगिणींना मात्र कोणी घालविलें नाहीं. केवळ नवीन जोगीण घेण्याची बंदी झाली. शेवटची जोगीण १८८५ मध्यें वारली. म्हणजे आणखी पन्नास वर्षें या घरांत दिवा लागत होता, गळकें छप्पर कोणाच्या तरी नजरेस पडत होतें. पुढें सैनिकही येथें राहिले. १९६४ पासून मठांत धर्मभगिनींच्या शिक्षणाची संस्था चालूं लागली, आणि राशोल येथें १९९४ मध्यें स्थापन झालेलें ख्रिस्ती कलेचें संग्रहालय २००२ मध्यें या मठाच्या चर्चच्या एका भागांत आलें. दीर्घ दुरुस्तीनंतर तें २०२२ मध्यें पुन्हां उघडलें.

असें रूपांतर सोपें नसतें. जांभा दगड पाणी पितो. त्यास चुन्याचा गिलावा मानवतो, कारण त्यांतून ओल बाहेर पडते. सिमेंट ती आंतच कोंडतें. शिवाय हस्तिदंत व लांकूड यांना दमट हवा बाधते. भिंतींस मोकळा श्वास हवा, तर वस्तूंना बंदिस्त कपाटें. दोन्ही एकाच छपराखालीं सांभाळावीं लागतात.

त्या वस्तूही बोलक्या आहेत. हिंदु कारागिरांकडून ख्रिस्ती पूजावस्तु करवूं नयेत, अशा आज्ञा पोर्तुगीज अमदानींत निघाल्या. त्या पुनःपुन्हां काढाव्या लागल्या, यावरूनच तें काम थांबलें नव्हतें हें उघड होतें. संतांच्या मूर्ति घडविणारे हात बहुधा येथल्याच मातींतले होते.

वास्तूस राबता हवा. पण राबता तिच्या स्वभावास शोभणारा हवा. सैनिकांनींही छप्पर वापरलें. परंतु प्रार्थनेसाठीं बांधलेल्या जागेंत प्रार्थनेच्याच वस्तु आल्या, तेव्हां ती जागा नुसती टिकली नाहीं, ती ओळखीची राहिली. शेजारच्या मनोऱ्याला असा दुसरा संसार लाभला नाहीं.