हुबळीत उगवलेला संगीतसूर्य

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची १३४ वी जयंती होती. बेळगावातल्या आम्हा नाटकवेड्यांच्या फोनवर जळत्या छपराची चित्रे येत राहिली. कोल्हापूरचे रंगकर्मी रस्त्यावर उभे राहून रडत होते. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या गायकनटासाठी एवढे रडू का यावे, असे आमच्यातल्या तरुण मंडळींनी विचारले. हे टिपण त्यांच्यासाठी.

केशवराव मूळचे कोल्हापूरचे, जन्म १८९०. लहानपणीच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले आणि देवलांच्या 'शारदे'तली नायिका त्यांनी गाजवली. पण स्वतःची ललितकलादर्श मंडळी त्यांनी काढली ती मुंबई-पुण्यात नव्हे, कोल्हापुरातही नव्हे, तर हुबळीत, १ जानेवारी १९०८ रोजी. तेव्हा त्यांचे वय होते १७! मराठी रंगभूमीची एक थोर संस्था कानडी मुलखात जन्मली, याचा आम्हा सीमाभागातल्यांना अभिमान का वाटू नये? त्या काळी नाटक मंडळ्या आपला बाडबिस्तरा घेऊन हुबळी-धारवाड-बेळगाव फिरत, आणि गाणे कळणारा प्रेक्षक कोणत्या भाषेत घरी बोलतो हे कोणी विचारत नसे.

केशवरावांचा आवाज चढा, तडफेचा. बालगंधर्वांची लडिवाळ गायकी अगदी वेगळी. साहजिकच रसिकांत दोन तट पडले आणि वाद रंगू लागले. या भांडणावर तोडगा निघाला तो ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईच्या बालीवाला थिएटरात. टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्श आणि गंधर्व या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मिळून खाडिलकरांचे 'मानापमान' केले. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. कोण जिंकले याची चर्चा पुढे कित्येक वर्षे चालली. आम्हाला विचाराल तर तो प्रश्नच फिजूल आहे. पोटापाण्याच्या धंद्यात एकमेकांसमोर उभ्या असलेल्या दोन मालकांनी एका तिसऱ्या कामासाठी एकत्र रंग लावला, ही त्या रात्रीची खरी मिळकत.

त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत, तोच ४ ऑक्टोबरला विषमज्वराने केशवराव गेले. वय अवघे ३१.

बालगंधर्व १९६७ पर्यंत होते. त्यांच्या ध्वनिमुद्रिका घराघरांत वाजल्या. केशवरावांच्या चाहत्यांच्या नशिबी ते नव्हते. ऐकलेले माणूस गेले की ऐकलेला सूरही जाणार. मग त्यांनी आठवण जपली कशी? मंडळी मोडू दिली नाही. बापूराव पेंढारकरांनी ललितकलादर्श सांभाळली, वरेरकरांची नवी सामाजिक नाटके रंगमंचावर आणली. त्यांच्यामागून चिरंजीव भालचंद्र पेंढारकर उभे राहिले. या अण्णांना एक छंद होता. दुसऱ्यांची नाटकेसुद्धा ते टेपवर मुद्रित करून ठेवत. ज्या मंडळीचा संस्थापक हवेत विरून गेला, तिच्याच वारसाने हा ध्यास घ्यावा, यात आम्हाला तरी योगायोग वाटत नाही.

कोल्हापूरकरांनी वेगळी वाट धरली. शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागून १९१५ साली पूर्ण केलेले पॅलेस थिएटर, त्याला पुढे केशवरावांचे नाव दिले. राजाने बांधलेल्या वास्तूवर नटाचे नाव! तेव्हापासून हौशी पोरगा पहिल्यांदा तिथे तोंडाला रंग लावायचा तो केशवरावांच्या घरात. रडू आले ते त्यासाठी.

दगडी दर्शनी भिंत उभी आहे, आतला रंगमंच गेला. सरकारने तेव्हा पुन्हा बांधण्याचे कबूल केले. वास्तू होती तशीच व्हावी, एवढे आमचे मागणे. यंदा आपल्या उत्सवातला नाट्यगीतांचा कार्यक्रम धैर्यधराच्या पदाने सुरू करायचा, असे मंडळाने ठरवले आहे. पेटी-तबल्याची जुळवाजुळव साडेसहाला सुरू होईल. रसिकांनी वेळेवर यावे.