ऋणकोचा हिशेब: वऱ्हाडातील खातेवही ते क्रेडिट कार्डाचे विवरणपत्र

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे गाव अकोला–पूर्णा लोहमार्गावरील स्थानकामुळे ‘जऊळका रेल्वे’ या नावाने ओळखले जाते. 1853 च्या तहाने निजामाचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, पुढे त्यात वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला, 1905 मध्ये तो मोडून वाशीम अकोला जिल्ह्यात गेले आणि 1 जुलै 1998 रोजी तो पुन्हा वेगळा करण्यात आला. सीमा अशा बदलत राहिल्या तरी कापूस, ज्वारी आणि तुरीवर जगणाऱ्या या भागातील कुटुंबांचा एक प्रश्न कायम राहिला: आपल्या नावावर दुसऱ्याने लिहिलेला खर्च खरोखर आपलाच आहे, हे कसे पडताळायचे? क्रेडिट कार्डाच्या मासिक विवरणपत्रात न केलेल्या खरेदीची नोंद शोधणारा आजचा ग्राहक हाच जुना प्रश्न नव्या कागदावर सोडवत असतो, म्हणून त्याच्या कामाचा इतिहास बँकेच्या संगणकापासून नव्हे, तर सावकाराच्या दुकानापासून सुरू करावा लागतो.

सावकारी जमाखर्चाचा पाया दोन वह्यांवर उभा असे. दिवसभराची देवघेव ज्या क्रमाने घडली त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहिली जाई आणि तेथून प्रत्येक कुळाच्या, म्हणजे कर्ज घेणाऱ्या असामीच्या, नावाखाली ती खतावणीत किंवा खातेवहीत उतरवली जाई. या नोंदी मोडी लिपीत, किंवा मारवाडी पेढ्यांवर काना-मात्रा बहुधा गाळणाऱ्या महाजनी लिपीत असत, त्यामुळे अक्षरओळख असलेल्या माणसालाही त्या सहज उलगडत नसत. ज्याच्या हाती बोरू त्याच्याच हाती हिशेब, अशी ही व्यवस्था होती. परत केलेली रक्कम जमेस न धरणे, भरण्याची पावती न देणे, कर्ज देतानाच व्याज कापून घेऊन खतावर, म्हणजे कर्जरोख्यावर, मात्र पूर्ण रक्कम लिहिणे आणि धान्याच्या उसनवारीत सवाई किंवा दिडीने, म्हणजे सव्वापट किंवा दीडपट, परतफेड ठरवून मापात पुन्हा हात मारणे, हे त्या काळातील अनधिकृत आकारणीचे प्रकार होते. थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येत नाही, हा हिंदू धर्मशास्त्रातील दामदुप्पटीचा नियम वऱ्हाडातही मानला जात असे. परंतु व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेतले की तीच रक्कम नवी मुद्दल ठरे आणि नियमाचे संरक्षण गळून पडे.

या अन्यायाचा स्फोट वऱ्हाडाबाहेर, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे 12 मे 1875 रोजी झाला आणि पुढे तो अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकाराच्या जिवावर नव्हे, तर त्याच्या दप्तरावर होता. खते आणि वह्या हिसकावून जाळणे हेच या उठावाचे मुख्य लक्षण ठरले. हिशेब तपासण्याचा कोणताही मार्ग नसलेल्या माणसाने हिशेबच नष्ट करणे हाच आपल्यापुरता न्याय मानला, असा या घटनेचा अर्थ लावता येतो. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगानंतर 1879 मध्ये दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. केवळ खतावरील आकडा प्रमाण न मानता व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासण्याचे काम त्याने न्यायालयांवर सोपवले, तसेच शेतकरी ऋणकोला भरण्याची लेखी पावती, वर्षाचे हिशेबपत्रक आणि वेळोवेळी नोंदी भरलेले पासबुक मागण्याचा हक्क दिला. आज ज्याला खात्याचे विवरणपत्र म्हणतात, त्याचा महाराष्ट्रातील एक स्पष्ट कायदेशीर पूर्वज येथे सापडतो. मात्र मागितलेला हिशेब वाचणार कोण, हा प्रश्न या कायद्याने सोडवला नाही. जोतीराव फुले यांनी 1883 मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या नाडवणुकीचे मूळ त्याच्या अविद्येत दाखवले, ते याच उणिवेवर नेमके बोट ठेवणारे आहे.

वऱ्हाड मुंबई इलाख्यात नसल्यामुळे या भागाची वाट वेगळी राहिली. 1903 पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. 1904 च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांचा मार्ग मोकळा झाला, आणि जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळल्यावर 1933 मध्ये कर्ज तडजोडीचा, तर 1934 मध्ये सावकारीचा कायदा मध्य प्रांताने केला. या दुसऱ्या कायद्याने सावकाराला प्रत्येक ऋणकोचे वेगळे खाते ठेवण्याचे आणि दरवर्षी स्वाक्षरीचे हिशेबपत्रक देण्याचे बंधन घातले. मुंबई प्रांताच्या 1946 च्या सावकारी कायद्याने, जो विदर्भ 1956 मध्ये मुंबई राज्यात आल्यानंतर पुढे याही भागाला लागू झाला, एक मोलाचे तत्त्व नमूद केले: मिळालेला हिशेब बरोबर आहे की चूक, हे सांगणे ऋणकोवर बंधनकारक नाही आणि तो गप्प राहिला एवढ्यावरून त्याने हिशेब मान्य केला असे समजता येणार नाही. अक्षरशत्रू, कामात गढलेल्या आणि सावकाराच्या दबावाखालील माणसाच्या मौनाचा अर्थ संमती असा लावणे अन्यायाचे आहे, ही जाण त्यामागे होती.

प्रत्यक्षात कायदा आला तरी सावकार हटला नाही. 1951–52 च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा केवळ तीन टक्क्यांच्या आसपास आढळला. पुढील दशकांत सहकारी संस्था आणि जिल्हा मध्यवर्ती बँक यांचे जाळे वाढले आणि खातेवहीची जागा पासबुकाने घेतली. वाशीम पुन्हा जिल्हा झाला त्याच वर्षी, म्हणजे 1998 मध्ये, किसान क्रेडिट कार्डाची योजना सुरू झाली. तिचे मूळ रूप कार्ड आणि पासबुक एकत्र असे होते: शेतकऱ्याचे नाव, जमिनीचा तपशील आणि कर्जमर्यादा ज्यावर आहे, त्याच पुस्तिकेत उचल आणि भरणा यांच्या नोंदी होत. 2012 नंतर हेच कार्ड एटीएममध्ये चालणारे झाले आणि नोंद कर्जदाराच्या डोळ्यांदेखत होण्याऐवजी दूरच्या यंत्रात होऊ लागली.

शहरी क्रेडिट कार्ड भारतात 1980 मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाने आणले. अमेरिकेत त्याआधीच, 1970 च्या कायद्याने, अनधिकृत वापरासाठी ग्राहकाची कमाल 50 डॉलरची जबाबदारी आणि 1974 च्या कायद्याने बिलातील चुकीविरुद्ध लेखी तक्रारीसाठी 60 दिवसांची मुदत ठरली होती. भारतात रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी ग्राहकाच्या जबाबदारीचे नियम काढले. बँकेच्या चुकीमुळे झालेल्या व्यवहाराचा भार ग्राहकावर पडत नाही. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा प्रकरणात बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास जबाबदारी शून्य राहते. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवल्यास पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर ती 10,000 रुपयांपर्यंत जाऊ शकते. त्यानंतर बँकेचे धोरण लागू होते. ग्राहकाने स्वतः गुप्त क्रमांक दुसऱ्याला दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार मात्र बँकेवर आहे. 2022 च्या निर्देशांनुसार न मागितलेले कार्ड संमतीशिवाय चालू करून त्यावर आकारणी केल्यास ती मागे घेऊन दुप्पट रक्कम दंड म्हणून देणेही बँकेवर बंधनकारक झाले.

जुन्या आणि नव्या व्यवस्थेतील खरा फरक येथे दिसतो. सावकारी कायद्यात ऋणकोचे मौन त्याच्याविरुद्ध जात नव्हते; कार्डाच्या व्यवहारात मौनाचा प्रत्येक दिवस मोजला जातो. जुन्या अन्यायाचा कर्ता गावातच होता आणि त्याचा चेहरा ओळखीचा होता. आजचा कर्ता अदृश्य असतो आणि पुष्कळदा आधी अगदी लहान रकमेने कार्ड चालते का हे पाहून मगच मोठी रक्कम उचलतो. त्यामुळे विवरणपत्रातील एकूण देय रक्कम पाहून थांबणे पुरेसे नाही. व्यवहाराची तारीख आणि नोंदीची तारीख वेगळी असू शकते, दुकानाच्या पाटीवरील नाव आणि त्याचे नोंदणीकृत नाव निराळे असू शकते, विमा, वार्षिक शुल्क किंवा आपोआप नूतनीकरण होणारी वर्गणी ओळींच्या गर्दीत लपू शकते. म्हणून प्रत्येक ओळ पावती किंवा भ्रमणध्वनीवरील संदेशाशी ताडून पाहणे, संशय येताच कार्ड बंद करणे, तक्रारीचा क्रमांक जपून ठेवणे आणि फसवणूक असल्यास 1930 या क्रमांकावर कळवणे, ही या तपासणीची आवश्यक अंगे ठरतात. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

पावती, हिशेबपत्रक आणि पासबुक हे हक्क शेतकऱ्याच्या संतापातून आणि दीर्घ विचारातून मिळाले आहेत, परंतु दिलेला हिशेब वाचता आला नाही तर तो हक्क कागदावरच राहतो, हा या इतिहासाचा धडा आहे. महाजनी लिपीतील खातेवही जितकी परकी होती, तितकेच बारीक अक्षरांतले इंग्रजी विवरणपत्र जऊळक्यातील अनेक घरांना आजही परके आहे. ज्या व्यवस्थेने ग्राहकाचे मौन तीन दिवसांत महाग केले, तिनेच हिशेब त्याच्या भाषेत देण्याची जबाबदारी स्वीकारली पाहिजे, आणि शाळा, सहकारी संस्था व बँकेच्या शाखा यांनी विवरणपत्राचे वाचन हे नागरिकत्वाचे शिक्षण मानून ते गावात शिकवले पाहिजे.